शेळीची खूण

गावात तिला मागून सगळे तोफ म्हणायचे आणि समोर मावशी. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. आवाज देवाने दिलेला, तो काय मडक्यात झाकून ठेवायचा? तिने अंगणातून हाक मारली की ओढ्यापलीकडची गुरं माना वर करून बघायची. आणि नशिबाची थट्टा अशी, की हिच्या घरात सून आली ती जन्मापासून ठार बहिरी. कानावर काही पडलंच नाही म्हटल्यावर बोलणं कुठून यायचं? लग्न झालं तेव्हा शेजारणी तोंडाला हात लावून म्हणाल्या होत्या, देव जोड्या जुळवतो तो सासू-सुनांच्याही जुळवतो.

सून कामाला मात्र वाघीण. घरामागे वांगी-मिरचीचा मळा होता, तो तिच्याच हातावर चालायचा. मुलगा ट्रकवर, तो वर्षातून चारदोनदा पाहुण्यासारखा उगवायचा. तोफेचे गुडघे गेलेले. त्यामुळे घर तोंडाने तोफ चालवायची आणि हातापायांनी सून. दोघींच्या आपसात खुणा ठरून गेल्या होत्या. बोटं तोंडाशी नेली की जेव. हात खाली दाबला की बस. मूठ आवळून हलवली की शेळी बांध. तळहात आडवा फिरवला की पुरे झालं. या खुणा उंबऱ्याच्या आत चालायच्या. बाहेर पडलं की तोफ सुनेचं कोपर धरायची आणि तिला हात हलवू द्यायची नाही. लोक बघतात, हसतात, कशाला तमाशा.

लोक तसे वाईट नव्हते. पोरांनी चिडवलं तर बायका पोरांनाच धपाटे घालायच्या. सुनेच्या हातात काहीबाही खायला ठेवायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, "बिचारी मुकी" म्हणायच्या. तिची बादली कुणाच्या अंगावर सांडली तरी कुणी वाकडं बोलत नसे. गावात बायका एकमेकींशी उठताबसता भांडायच्या, पण तिच्याशी कुणी कधी भांडलं नव्हतं. तोफेला हे चांगलंच वाटायचं. म्हणायची, माझ्या जिवाला तेवढाच आराम.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि ठाण मांडून बसला. गावची विहीर गाळाने अर्धी भरलेली, पाणी कुठल्या कुठे खाली गेलेलं. सून ओढ्यातल्या खड्ड्यातून घागर भरून आणायची आणि एकेका रोपाच्या बुडाशी ओंजळभर पाणी घालायची. घालून झालं की पहिल्या रोपाची माती पुन्हा पांढरी पडलेली असायची. मळ्याचा खालचा अर्धा भाग जळून गेला. वरचा वाचवायचा तर विहिरीला पाणी लागायला हवं होतं. मळा गेला तर दोघींनी परक्याच्या रानात मजुरीला जायचं. आणि मुक्या बाईला मजुरीला कोण नेतं, हे तोफेला कुणी सांगायला नको होतं.

अशात संस्था आली. संस्था म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. एक जुनी जीप, पाणी उपसायचं एक इंजिन, दोरखंड, हाताने फिरवायचा एक लोखंडी रहाट आणि एक ताई. ताईला जाड भिंगाचा चष्मा होता आणि उन्हाने तिचं नाक सोललेलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात तिने गाव जमवलं आणि सरळ सांगितलं, "सामान आमचं, हात तुमचे. ज्या घरातलं एक माणूस पाणी लागेपर्यंत रोज कामाला येईल, त्या घराला पाण्याचा अख्खा वाटा. लहान घर, मोठं घर, असला भेद नाही."

विहिरीच्या कामाची सूत्रं मुकादमाकडे आली. जन्म विहिरी खोदण्यात गेलेला माणूस, मिशा भरघोस, पोट त्याहून भरघोस. तोफेच्या नवऱ्याचा तो मित्र होता, म्हणून तिला वहिनी म्हणायचा. एकेका घरातून कोण येणार ते तो विचारत चालला. तोफेपाशी आला आणि घुटमळला.

"वहिनी, तुमच्याकडून कोण?"

"सून येईल. दुसरं आहे कोण?"

मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. "हे बघा, राग मानू नका. विहिरीचं काम आवाजावर चालतं. खालून हाक आली की वर ऐकू जायला हवी. वरून घमेलं सुटलं तर खालच्याला कळायला हवं. हिला कोण हाक मारणार? तुम्ही काळजी करू नका, तुमच्या घराला अर्धा वाटा असाच देऊ. गाव एवढं काही मेलेलं नाही."

"असाच म्हणजे कसा? भीक म्हणून?" तोफेचा आवाज व्हरांड्याच्या पत्र्यावर आदळला. "माझ्या सुनेच्या हातांना काय कीड लागलीय का, भाऊजी? अर्धा वाटा तुमच्या इंजिनात घाला."

लोक हसले. सून भिंतीला टेकून उभी होती. सासूचं तोंड, मुकादमाच्या मिशा, लोकांचे दात, असं ती एकेक बघत होती. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय एवढं तिला कळलं होतं.

ताई मध्ये पडली. "मुकादम, संस्थेची एक अट आहे. ज्याला काम करायचंय त्याला परत पाठवायचं नाही. धोका आहे म्हणता, तर धोका कसा टाळायचा ते आपण बसून ठरवू. पण आधी तिला विचारू. मावशी, विचारा ना, तिला कुठलं काम करायला आवडेल?"

सगळ्यांनी तोफेकडे बघितलं. तोफ सुनेकडे वळली, हात वर केला आणि तो तसाच राहिला. जेव, बस, पुरे, शेळी बांध, चूल पेटव, इकडे ये. सगळ्या खुणा डोक्यात फिरून गेल्या. तुला काय आवडेल, याची खूण काही सापडेना. मग गावासमोर फजिती नको म्हणून तिने हवेत हात कसेतरी नाचवले. सून गोंधळून बघत राहिली.

"ती म्हणते, मातीच्या ढिगावर," तोफेने ठोकून दिलं.

ताईने चष्म्यातून एकदा सुनेकडे आणि एकदा तोफेकडे बघितलं.

काम सुरू झालं. विहिरीच्या काठावर रहाट बसवला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर दोन-दोन माणसं. खाली उरलंसुरलं पाणी इंजिन उपसायचं, चौघं टिकावाने गाळ फोडायचे, बादलीत भरायचे. बादली वर आली की रहाटात लाकडी खुंटी घालून तो अडवायचा, बादली काठावर ओढायची, घमेल्यांत रिकामी करायची. घमेली हातोहात ढिगाकडे. सून ढिगावर होती. तिच्या शेजारी दगडावर तोफ. हाक आली की हिने सुनेला खूण करायची, असं ठरलं होतं.

पहिले काही दिवस तोफेने डोळ्यांत तेल घालून राखण केली. पण दिवसभर दगडावर बसून दुसऱ्याचं काम बघणं म्हणजे शिक्षाच. तोंड किती वेळ बंद ठेवायचं? शेजारी सुताराची बायको घमेली देत होती, तिच्याशी गप्पा सुरू झाल्या. तिची नणंद नवऱ्याचं घर सोडून आली होती, आणि असा विषय काही अर्ध्यावर सोडण्यासारखा नसतो.

त्याच वेळी काठावरची ओली बादली हातातून सटकली आणि उतारावरून ढिगाकडे घसरत निघाली. "बाजूला व्हा," म्हणून चौघं ओरडले. सगळे बाजूला झाले. सून पाठमोरी वाकलेली होती. बादलीची कड तिच्या खांद्याला घासून गेली. ती तोंडावर मातीत पडली. लगेच उठलीसुद्धा, पण चोळी खांद्यावर फाटली होती आणि रक्त आलं होतं.

मुकादम विहिरीतून वर आला. घशातून त्याचा आवाज फुटत नव्हता. इंजिनाच्या धडधडीवरून दिवसभर ओरडून खालच्या सगळ्यांचेच घसे बसले होते. तो सुनेसमोर उभा राहिला, पण बोलला तोफेशी.

"पुरे, वहिनी. आज खांदा गेला, उद्या डोकं जाईल. तिला घरी बसवा. अर्धा वाटा देतो म्हटलंय, देतो."

आणि त्याने सुनेच्या हातातलं घमेलं काढून घेतलं. हिसकावलं नाही, हळूच घेतलं, पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तसं. सुताराच्या बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बिचारी मुकी." सून रिकामे हात तसेच पुढे धरून उभी होती. तोफेला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून शब्द काढता आला नाही. चूक कुणाची होती हे तिला ठाऊक होतं.

घरी आल्यावर तोफेने खांदा धुतला, हळद लावली. ताट वाढलं, बोटं तोंडाशी नेली. जेव. सून जेवली नाही. हात खाली दाबला. बस. बसली नाही. तिने घागर आपटली, लाकडं आपटली, फडताळाचं दार आपटलं. स्वतः आपटलेलं तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती आणखी जोरात आपटत होती. तोफेने तळहात आडवा फिरवला. पुरे. तशी सुनेने सासूकडे असं बघितलं, की तोफेने हात मागे घेतला.

दिवस मावळायला टेकला होता. सून मागच्या दारी गेली. शेळी दाव्याला हिसके देत होती, तोंड उघडून ओरडत होती. सून तिच्यासमोर उकिडवी बसली. हनुवटी वर केली, दोन्ही तळहात पालथ्याचे उताणे केले आणि मान कलती केली. मग एका हाताने चाऱ्याकडे दाखवलं, दुसऱ्याने पाण्याच्या लोखंडी पाटीकडे. शेळीने पाटीकडे मान वळवली. सुनेने पाटी पुढे सारली.

तोफ दारात उभी होती. हे तिने पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही. रोजच पाहत होती. रोज ही पोर शेळीपुढे बसायची, हात उताणे करायची आणि विचारायची, बाई गं, काय हवंय तुला? शेळीला विचारायची खूण या घरात होती. सुनेला विचारायची नव्हती. कारण गेल्या इतक्या वर्षांत सुनेला कुणी काही विचारलंच नव्हतं. नवऱ्याने नाही, गावाने नाही आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या सासूनेही नाही. तोफेला स्वतःची लाज वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत वाटली.

ती गुडघे धरत धरत मागच्या दारी उतरली आणि सुनेसमोर जमिनीवरच बसली. हनुवटी वर केली. दोन्ही तळहात उताणे केले. मान कलती केली.

सुनेने आधी शेळीकडे बघितलं. मग सासूकडे. तोफेने पुन्हा हात उताणे केले आणि बोट सुनेच्या छातीशी नेलं. तू. तुला काय हवंय?

मग तिचे हात सुटले. तोफेने तिचे हात इतक्या वेगाने चाललेले कधी पाहिले नव्हते. खोल गोल खड्डा. दोन मुठी, एकापुढे एक, गरगर फिरणाऱ्या. रहाट. छातीवर थाप. मी. मग ढिगाची खूण, आणि ती तिने पायाखाली तुडवल्यासारखी केली. मग तोफेकडे बोट, बोटांची चोच करून भराभर उघडझाप, आणि मग बोट घराकडे.

"म्हणजे मी घरी बसू?" तोफ मोठ्याने म्हणाली. "माझं तोंड फार चालतं म्हणून?"

सुनेला ऐकू गेलं नाही, पण सासूचा चेहरा बघून कळलं. ती हसली. आणि मग तोफही हसली, दुसरं करणार काय? दोघींनी तिथेच शेळीशेजारी बसून जेवण केलं.

सकाळी तोफ विहिरीवर गेली ती थेट ताईसमोर. "त्या दिवशी मी खोटं सांगितलं. ढिगाचं माझं मी ठरवलं होतं. आज विचारून आलेय. तिला रहाट हवाय."

मुकादम कपाळाला हात लावून खाली बसला. आवाज त्याचा अजून बसलेलाच होता. "वहिनी, ढिगावर जमेना आणि रहाटावर कसं जमेल? रहाटवाल्याला तर खालची हाक पहिली ऐकू यावी लागते."

"तुम्हाला येते का ऐकू?" ताईने विचारलं.

"काय?"

"इंजिन चालू असताना खालची हाक वर येते का, असं विचारतेय."

रहाटावरच्या चौघांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यांतला एक म्हणाला, "खरं सांगायचं तर अंदाजानेच चाललंय."

ताई म्हणाली, "दुसऱ्या एका गावात आमचं असंच काम चाललं होतं. तिथे बारीक दोरी खाली सोडून वरच्या टोकाला लाल फडकं बांधलं होतं. खालच्याने एकदा ओढली की फडकं एकदा हलणार, बादली वर घ्यायची. दोनदा हललं की थांबायचं. सारखं हलत राहिलं की माणसाला वर काढायचं. घसे बसले नाहीत कुणाचे. आणि डोळे तर तिला आहेत ना?"

"डोळे आहेत," मुकादम म्हणाला. "पण नुसत्या फडक्याने काय होतं? शंभर गोष्टी सांगाव्या लागतात. हळू घ्या, दगड आहे, दोर घासतोय."

"मग त्या खुणा शिकू. तिच्याकडूनच."

"मी? या वयात हातवारे करू?"

"संस्थेची अट आहे," ताई म्हणाली. चष्म्याआडून ती हसत होती, पण तिने अट काही मागे घेतली नाही. "आठवडाभर बघू. नाही जमलं तर मीच सांगेन, नाही जमलं म्हणून."

झालं. संध्याकाळी काम सुटलं की शाळेच्या व्हरांड्यात विहिरीवरची मंडळी जमायला लागली. पहिल्या दिवशी सगळे गंमत बघायला आले होते. सून पुढे उभी होती. तोफ शेवटच्या रांगेत, तोंड घट्ट मिटून. ताईने एकेक वस्तू दाखवायची, सुनेने तिची खूण करायची, सगळ्यांनी तशी करायची. दोर. दगड. हळू. जोरात. थांब. मग ताईने मुकादमाकडे बोट दाखवलं. सुनेने दोन्ही बोटांनी ओठांवरून लांबलचक मिशा ओढल्या आणि हात पोटापुढे गोल फिरवला. व्हरांडा हसून लोटपोट. मुकादम आधी लाल झाला, मग त्याने उठून तस्सा हात पोटावरून फिरवला, आणि आणखी मोठा फिरवला. त्या दिवसापासून गावात त्याची तीच खूण झाली.

मग लोकच पुढे सरसावले. मला काय म्हणतेस, मला? सुताराच्या बायकोसाठी सुनेने बोटांची चोच केली आणि भराभर उघडमिट केली. सगळे पुन्हा हसले. सुताराची बायको फुरंगटली.

"माझी का खूण ही? ही तर मावशींची असायला हवी."

"माझी वेगळी आहे," मागून तोफ म्हणाली. सुनेने सासूची खूण करून दाखवली. दोन्ही हात गालांशी नेऊन बाहेर फेकले, एकदम मोठा बार उडाल्यासारखे. या पोरीला आवाज ठाऊक नाही, पण माझ्या तोंडासमोर माणसं कशी दचकतात ते तिने बरोबर टिपलंय, तोफ मनात म्हणाली. आणि सगळ्यांत शेवटी सुनेने शेळीची खूण शिकवली. हनुवटी वर, तळहात उताणे. काय हवंय? काय झालं? ती सगळ्यांना लगेच आली.

सून रहाटावर गेली. तिच्या जोडीला सुताराची बायको, पलीकडच्या दांड्यावर आधीचेच दोघं. दांडा फिरवताना सुनेची नजर फडक्यावर असायची आणि सुताराच्या बायकोची बादलीवर. पहिल्या दिवशी हातांना फोड आले, मग ते फुटले, मग तिथे घट्टे पडले. आठवडा गेला, ताईने विचारलं नाही आणि मुकादमानेही विषय काढला नाही. विहिरीवर आता ओरडाआरडा थांबला होता. इंजिनाची धडधड, टिकावाचा ठणठणाट आणि वर चाललेले हात. पुरुष माणसं घरी जाऊन बायकोला चहाच्या कपाची खूण करायला लागली आणि बायका त्यांना पुरे म्हणून तळहात आडवा करायला लागल्या.

तोफ आता घरी असायची. मळ्याच्या वरच्या भागाला ती बसल्या बसल्या सरकत, सुनेने पहाटे भरून ठेवलेल्या घागरीतलं पाणी वाटीवाटीने घालायची. गुडघे शिव्या द्यायचे, ती गुडघ्यांना द्यायची. दुपारी शिदोरी घेऊन विहिरीवर जायची, देऊन परत यायची. सून तिला तिथे बसू द्यायची नाही. हाताने घराची वाट दाखवायची.

असं चालता चालता विहिरीच्या तळाशी नवं पाणी झिरपायला लागलं. गाळ जाऊन खालचा मुरूम आला होता, त्यातून पाझर फुटत होता. लोकांचे हात भराभर चालू लागले. आणि घाई झाली की जे व्हायचं ते झालं.

त्या दुपारी तोफ शिदोरी घेऊन काठाच्या खाली येऊन पोचली होती. चिखलाने काठोकाठ भरलेली बादली वर आली. सुताराच्या बायकोने नणंदेची काहीतरी खूण केली, आता ती हातांनीही गप्पा मारायला शिकली होती ना, आणि सून हसली. हसता हसता ती रहाटात खुंटी घालायची विसरली. पलीकडचे दोघं बादली ओढायला वळले आणि दांडा हातातून निसटला. रहाट उलटा गरगरला, बादली खाली गेली आणि विहिरीच्या भिंतीवर आपटून तिथेच पालथी झाली. सगळा चिखल खाली.

इंजिनवाल्याने इंजिन बंद केलं. लाल फडकं वेड्यासारखं हलत होतं. माणसाला वर काढा. चौघं दांड्यांना झोंबली.

वर आला तो मुकादम होता की चिखलाचा ढीग, हे पहिल्यांदा कळलंच नाही. मिशा दिसत नव्हत्या. दोन डोळे तेवढे उघडे होते आणि ते पेटलेले होते. लागलं नव्हतं कुठे, पण डोक्यापासून पायापर्यंत एकही जागा कोरडी नव्हती. कुणी हसेना. कुणीतरी सवयीने पुटपुटलं, "जाऊ द्या हो, बिचारी."

तोफेला पुढचं दिसायला लागलं. झालं, आता हा म्हणणार घरी बसवा. आता हा घमेलं काढून घेतलं तसा दांडा काढून घेणार. अर्धा वाटा, भिकेचा. ती चार पावलं पुढे झाली. तोंडात सगळं तयार होतं, भाऊजी माफ करा, पोर आहे, तिला कळत नाही. मुकादमही तिच्याकडेच वळला, नेहमीसारखा. तोंड उघडलं.

आणि मिटलं. तो उलटा फिरला आणि सुनेसमोर जाऊन उभा राहिला.

त्याने खुंटीकडे बोट केलं. शेळीची खूण केली, पण अशी जोरात की हातांवरचा चिखल सुनेच्या तोंडावर उडाला. खुंटीचं काय झालं? मग त्याने सुताराच्या बायकोची चोच केली, उघडमिट, उघडमिट, आणि सुनेच्या कपाळापाशी बोट नेऊन ते हवेत भिरकावलं. लक्ष कुठे होतं तुझं? मग माझ्याकडे बघ, मिशांकडे बघ, पोटाकडे बघ. मग मान कापल्याची खूण. मेलो असतो मी. हातवारे त्याचे धड नव्हते, अर्धे त्याने तिथल्या तिथे बनवले होते, पण त्यांतली एकही शिवी कुणाला कळली नाही असं झालं नाही.

सून आधी मान खाली घालून उभी राहिली. कानाच्या पाळ्या धरल्या. चुकलं. मुकादम थांबेना. तसं मग तिने मान वर केली. तोंडावरचा चिखल पुसला आणि तिचे हात सुटले. बादली. तिच्या खाली मिशा आणि पोट. मग दोन्ही तळहात उताणे, हनुवटी वर. तू बादलीखाली कशाला उभा होतास? बादली वर जाताना खाली कुणी उभं राहायचं नाही, हा नियम या काठावर मुकादमानेच घातला होता आणि रोज सकाळी तोच सगळ्यांना बजावत होता. तिने बजावण्याची त्याची बोट नाचवायची ढबसुद्धा हुबेहूब करून दाखवली.

मुकादमाने मोठे हात केले. तिने त्याहून मोठे केले. तो एक पाऊल पुढे आला. ती हटली नाही. सगळं गाव काठावर उभं राहून बघत होतं. मुकीशी कुणीतरी भांडत होतं. चांगलं कडाकडा, बरोबरीने, एकीकडून एक आणि दुसरीकडून दोन.

तोफ शिदोरी छातीशी धरून उभी होती. डोळ्यांना पाणी आलं होतं. कुणी काही समजो, तिच्या आयुष्यात एवढं गोड भांडण तिने पाहिलं नव्हतं. सुनेच्या शेवटच्या दोन खुणा फार भराभर झाल्या, त्या मागच्यांना कळल्या नाहीत. इंजिनवाल्याने मान पुढे काढली.

"मावशी, काय म्हणतेय ती?"

सगळे तोफेकडे वळले. मुकादमही थांबला, हात हवेत तसेच.

"मला काय विचारता?" तोफ म्हणाली. "ती समोर उभी आहे. तिला विचारा."

इंजिनवाला क्षणभर अडखळला. मग त्याने सुनेकडे बघून हनुवटी वर केली आणि काळे तेलकट तळहात उताणे केले. सुनेने त्याच्यासाठी त्या खुणा पुन्हा केल्या, सावकाश. चूक माझी. त्याचीही. इंजिनवाला हसायला लागला. मग सुताराची बायको हसली, मग सगळा काठ हसला, आणि चिखलाखाली मुकादमाच्या मिशाही हलल्या. त्याने खुंटी उचलली, सुनेच्या हातात दिली आणि तिची बोटं त्या खुंटीवर घट्ट दाबली. मग पूर्वेकडे हात करून सूर्य वर काढला, डोळे चोळले आणि तिच्यासमोर बोट नाचवलं. उद्या लवकर ये.

सुनेने मान हलवली. मग तिचं लक्ष सासूकडे गेलं. ती आली, तिने शिदोरी घेतली आणि रोजच्यासारखं हाताने घराची वाट दाखवली.

"जाते, जाते," तोफ म्हणाली आणि गुडघे धरून उतरणीला लागली. मागे इंजिन पुन्हा सुरू झालं. मळ्यातल्या वरच्या रोपांना अजून पाणी घालायचं राहिलं होतं.